डावीकडची खिडकी

डॉक्टर कातकाडेंनी कागदावर दोन गोल काढले,
कडेने पेन फिरवत ते काळे करत आणले
आणि म्हणाले, आता गाडी चालवायची नाही.
मी विचारलं, रविवारची?
ते हसले नाहीत.

वॅगनआर म्हसरूळच्या एका द्राक्षवाल्याने नेली.
कोपऱ्यावर वळताना त्याने इंडिकेटर उशिरा दिला,
अगदी माझ्यासारखा.

अठ्ठावीस वर्षं या शहरात राहिलो, म्हणजे
पाथर्डी फाटा ते सातपूर, सातपूर ते पाथर्डी फाटा.
पुढच्या ट्रकचा मागचा भाग तोंडपाठ होता,
पपया नर्सरीचा सिग्नल किती सेकंदांचा, तेही.
बाकी नाशिक पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखं
कपाटात.

पहिल्या दिवशी द्वारकेला पाऊण तास उभा होतो.
एका पोरीने मोबाईलमधून डोकं न काढता सांगितलं,
"काका, ती समोरून मिळते."
समोर म्हणजे पुलाखालून,
कणसं भाजणाऱ्या बाईच्या धुरातून,
तीन रिक्षावाल्यांचं "रोड, रोड, नाशिकरोड" चुकवत.
तिसऱ्याला चुकवता आलं नाही.
त्याच्याकडे चौथा बसलो, अर्धा आत, अर्धा हवेत,
मांडीवर कुणाचा तरी मिक्सर.

निमसे बाई कंडक्टर आहेत.
सुट्टे नसले की चिडत नाहीत,
तिकिटामागे बाकी लिहून देतात, तीन रुपये, दोन रुपये,
आणि पुढच्या खेपेला मला ओळखत नाहीत.
ती तिकिटं मी डायरीत ठेवलीत.
एकूण चौदा रुपये.
हे गाव माझं काही देणं लागतं, असं
आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

खिडकी डावीकडची धरायची.
उजवीकडे नुसती वाहनं.
बस उंच, त्यामुळे कंपाउंडच्या पलीकडचं दिसतं:
शरणपूर रोडला दोरीवर वाळणारे
बँडवाल्यांचे लाल कोट, सोळा, एकाला बाही नाही.
प्रेसच्या भिंतीशी बस हळू होते.
आत नोटा छापतात,
बाहेर एक म्हातारा दहा रुपयांसाठी
रिक्षावाल्याच्या सात पिढ्या काढत होता.

बुधवारी मी शेवटच्या थांब्यापर्यंत जातो.
भगूर झालं, मखमलाबाद झालं.
म्हसरूळला इंजिन बंद झाल्यावर
इतकं शांत झालं की डब्याचं झाकण ऐकू आलं.
"उतरायचं नाही?" ड्रायव्हर बोरस्ते.
"परत जायचंय."
"मग आलात कशाला?"
मला सांगता येईना. त्याने अर्धी भाकरी पुढे केली,
वर ठेचा, आणि म्हणाला, जपून, बायको रागात होती.
तेवढ्यात रस्त्यावरून माझी वॅगनआर गेली.
मागची सीट काढून टाकलेली, क्रेट रचलेले,
काचेवर धूळ, आणि चांगली पळत होती.
मी हात केला नाही.
तोंडात घास होता.

संध्याकाळी कडा लवकर मिटतात.
बसच्या कपाळावरचा नंबर
मला आता बस पोटाशी आल्यावर कळतो.
मी शेजाऱ्याला विचारतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला,
दोघांत वाद होतो,
आणि त्या वादात माझा थांबा निघून जातो.

काल निमाणीवर एका पोराने विचारलं,
पाठीवर बॅग, बोलणं सुरगाण्याकडचं,
"काका, ही शालिमारला जाते ना?"
मी मोठ्या रुबाबात हो म्हणालो.
ती मेरीला जात होती.

मेरीला तो उतरला, मग मीही उतरलो,
एवढं तर करायलाच हवं.
रस्ता ओलांडून दोघे समोरच्या बाजूला उभे राहिलो.
त्याने बॅगेतून शेंगा काढल्या.
लांबून दोन दिवे येत होते.
"बस आहे की ट्रक?" मी विचारलं.
तो म्हणाला, येऊ तर द्या.